भुरीचं म्हणणं

मामांना आयुष्यात कधी राग आलेला नाही. राग येतो तो भुरीला. मामांना कोणाची आठवण येत नाही, कोणावर रुसावंसं वाटत नाही, पुरणपोळीवर आणखी एक चमचा तूप हवं असंही कधी वाटत नाही. या सगळ्या भानगडी मांजराच्या. मामा मधे बसून निरोप तेवढा पोचवतात, आणि तोही असा चेहरा करून, की या जनावरापायी मला किती बोलावं लागतं पाहा.

जऊळक्यात स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला मामांचं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मधे घर, मागे शेतमालाचं गोदाम. नाव सांगत नाही, कारण मामा एकटे नाहीत. वऱ्हाडात गावोगाव असे मामा आहेत. कोणी गाईच्या आडून बोलतो, कोणी नातवाच्या, कोणी थेट विठ्ठलाच्या. आमच्या मामांनी मांजर निवडलं, एवढाच फरक. शिवाय गावाला दुसरीकडून बोलायची सवय आहेच. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी कलेक्टरला काही सांगायचं तर अकोल्याला जायचं. आता वाशीमला. तहसीलचं काम मालेगावला. आणि गाडी आपल्या दारावरून अकोला-पूर्णा धावत असली तरी तिच्याबद्दल तक्रार करायची तर ती नांदेडच्या विभागीय कचेरीत. जऊळक्याचं म्हणणं जऊळक्यातच ऐकून घेतलं जातंय, असं सहसा होत नाही. मामांनी तीच व्यवस्था घरात आणली.

सध्याची भुरी चौथी. पहिली खरंच भुऱ्या रंगाची होती. दुसरी काळीकुट्ट. तिसरी तर बोका निघाली. पण मामांनी नाव बदललं नाही. ‘मुनीम बदलला म्हणून कोणी दुकानाची पाटी बदलते का?’ असा त्यांचा सवाल होता. चौथी पांढऱ्यावर पिवळ्या ठिपक्यांची आहे. ती दिवसभर तुरीच्या पोत्यावर बसून असते आणि आपल्या नावावर काय काय खपवलं जातं, याचा तिला पत्ता नसतो.

भाजीत मीठ कमी पडलं, की मामा ताट सरकवून म्हणतात, ‘भुरीनं वास घेतला अन् तोंड फिरवलं. मी काही म्हणत नाही.’ मेहुणा पैसे मागायला येणार अशी कुणकुण लागली, की सकाळपासून जाहीर होतं, ‘भुरीले आज पाहुणे सहन होऊन नाही राहिले.’ उधारीच्या वसुलीत तर भुरीचा हात धरणारं कोणी नाही. गिऱ्हाईक साखर बांधून घेत असतं, भुरी वहीवर बसलेली असते, आणि मामा तिच्याकडे पाहत खालच्या आवाजात म्हणतात, ‘ही तुमच्याकडे अशी काऊन पाहून राहिली जी? मागचे साडेतीनशे हिच्या ध्यानात राह्यले वाटते.’ गिऱ्हाईक मांजराकडे पाहतं. मांजराची नजर तशीही वसुली अधिकाऱ्याचीच असते. पैसे येतात. मामांनी मागितले, असं गावात कोणी म्हणू शकत नाही.

डव्ह्याला नाथ नंगे महाराजांच्या यात्रेला सगळं घर निघालं, तरी मामा मागे राहतात. गर्दीची त्यांना धास्ती वाटते. सांगायचं कारण अर्थात वेगळं: ‘भुरी एकटी घाबरते.’

मामींना हे सगळं कळतं. त्या भुरीला भुरी म्हणत नाहीत. ‘मेले’ म्हणतात. ‘हो तिकडं मेले’, ‘आली का मेले दुधावर’. मामींच्या हातात बहुतेक वेळा झाडू असतो, तो भुरीच्या दिशेनं उगारलेला असतो आणि आजवर तिला लागलेला नाही.

*

मुलगी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेली, तेव्हाची गोष्ट. जऊळक्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या गाडीत ती बसली. मामा फलाटावर पाण्याची बाटली घेऊन उभे होते आणि गाडी सुटली तरी ती बाटली त्यांच्याच हातात राहिली. घरी आले. दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगू लागले, ‘भुरीनं दोन दिवसांपासून अन्नाले तोंड नाही लावलं. पोरीचा लळा होता तिले.’

आतून मामींचा आवाज आला, ‘भुरीची वाटी चाटून लख्ख हाय. ताट परत आलं ते तुमचं.’

मामांनी तराजू पुसायला घेतला.

साडेपाच वर्षांनी मुलगी डॉक्टर होऊन आली, आणि मामांचे वाईट दिवस सुरू झाले. तोवर भुरीच्या मनातलं कळणारे पंचक्रोशीत ते एकटे होते. आता घरात पदवीवाला माणूस आला.

पहिला घाव पेढ्यांवर पडला. मामांना साखरेचा आजार. मामींनी गोड बंद केलं, तसे मामा भुरीसाठी पेढे आणू लागले. ‘तिले पेढ्याशिवाय झोप नाही येत,’ म्हणत. कागदाची पुडी रोज गोदामात जायची आणि रिकामी बाहेर यायची. मुलीनं एका संध्याकाळी शांतपणे सांगितलं, की मांजराला गोड चवच कळत नाही. गोडाची जाणीव जिभेला करून देणारी जी यंत्रणा असते, तिचा एक जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेला आहे. वाघ-चित्त्यांपासून घरच्या मनीपर्यंत सगळ्यांचा. हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलंय.

मामा बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणूनच ती अर्धा टाकून देते.’

‘अन् उरलेला अर्धा?’

‘अन्न फेकाव का?’

*

पुढे मुलगी पुण्यात कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात नोकरीला लागली. मामांना हे आधी कळेचना. म्हशीला डॉक्टर लागतो, बैलाला लागतो, हे ठीक. मांजराला घेऊन माणसं रिक्षा करून येतात आणि नंबर लावून बसतात? त्यात २०२२ मध्ये पुणे महापालिकेनं पाळलेल्या मांजरांची नोंदणी बंधनकारक करायचं ठरवल्याची बातमी आली, तेव्हा मामांनी ती दुकानातल्या प्रत्येकाला वाचून दाखवली. ‘आमच्या भुरीची नोंद कोठी करा लागते, मालेगावले का वाशीमले?’ वरून थट्टा होती, पण मांजराला सरकारदरबारी नाव मिळतं हे ऐकून मनातून त्यांना बरं वाटलं असावं. वकिलाची सनद निघाल्यावर अशिलाला वाटतं, तसं.

पुण्याहून मुलगी फोनवर एकेक संशोधन सांगू लागली. तिच्या बोलण्यात मला एक गंमत दिसे. ती मांजरांबद्दल बोलायची आणि रोख बापावर असायचा. एवढं तंत्र ती घरातच शिकली होती.

टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मांजराला आपलं नाव ओळखता येतं का, हे पाहायचं. एकाच सुरात, सारख्या लांबीचे चार शब्द ऐकवायचे, मांजर कंटाळून लक्ष देईनासं झालं की पाचवं त्याचं नाव घ्यायचं. बरीच मांजरं नावाशी कान हलवतात, मान वळवतात. मामांनी लगेच भुरीला तुरीच्या पोत्यावर बसवलं आणि दुकानदाराच्या सुरात सुरुवात केली: ‘जिरं. मिरी. मोहरी. खोबरं.’ भुरीनं पहिल्याला एक कान हलवला, मग डोळे मिटले. मामांनी आमच्याकडे एक विजयी नजर टाकून म्हटलं, ‘भुरी.’

काही नाही. पुन्हा, ‘भुरी.’ शेपटीचं टोकही हललं नाही.

तेवढ्यात आत भांडं पडलं आणि मामींचा आवाज आला, ‘मेले!’

भुरी पोत्यावरून उडी मारून मामांच्या मांडीवरून धावत आत गेली.

प्रयोग जपानात होतो त्याहून स्वच्छ झाला होता. मांजराला आपलं नाव येत होतं. फक्त चार पिढ्यांपासून ते भुरी नव्हतं. मामा म्हणाले, ‘ती मले पाहून लाजते.’

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातला, तोही २०१९ चाच. मांजराचं पिल्लू आणि त्याचा माणूस, दोघांना अनोळखी खोलीत दोन मिनिटं ठेवायचं. मग माणसानं दोन मिनिटं बाहेर जायचं आणि परत यायचं. तान्ह्या मुलांचा आईवर किती भरवसा आहे हे पाहण्यासाठी मानसशास्त्रज्ञ जे करतात, त्याचंच हे रूप. तीनातल्या जवळजवळ दोन मांजरांचा आपल्या माणसावर पक्का भरवसा दिसला. लहान मुलांतही प्रमाण साधारण एवढंच निघतं.

मामांनी भुरीला शेजारच्यांच्या रिकाम्या खोलीत नेलं. दोन मिनिटं बसले. बाहेर आले, मनगटावरचं घड्याळ पाहत उभे राहिले. दोन मिनिटं म्हणजे किती असतात, हे मामांच्या चेहऱ्यावर पाहावं. आतून एकदाच ‘म्याँव’ आलं. मोठी मांजरं आपसात हा आवाज क्वचितच काढतात, तो मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवलेला असतो. मामा दार उघडून आत शिरले. भुरी आली, त्यांच्या पायाला एकदा अंग घासलं, आणि परत खोलीचे कोपरे हुंगायला निघून गेली.

मामा पडल्या चेहऱ्यानं फोनवर म्हणाले, ‘नाई व माय. तिले माही काही पडली नाही. आली, घासलं, गेली.’

‘बाबा, तीच तर पक्क्या भरवशाची खूण आहे,’ मुलगी म्हणाली. ‘आपला माणूस आला एवढं पाहिलं, की मांजर निवांत आपल्या कामाला लागतं. ज्याचा भरवसा कच्चा असतो ते एकतर जवळ येत नाही, नाहीतर चिकटून बसतं. सोडतच नाही.’

फोन स्पीकरवर होता. मामी कणीक मळता मळता म्हणाल्या, ‘दिवाळीले तू आलती तवा तुह्या मांगं मांगं या खोलीतून त्या खोलीत कोण फिरत होतं? मले वाटलं मांजर होय.’

मामांनी फोन भुरीच्या कानाला लावला.

सगळ्याच संशोधनानं त्यांचं नुकसान केलं असं नाही. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०२० मध्ये दाखवलं, की मांजराकडे पाहून माणसानं सावकाश डोळे किलकिले केले, तर मांजर तसंच उत्तर देतं आणि अनोळखी माणसाच्याही जवळ यायला राजी होतं. हे मामांना फार आवडलं. शब्द न वापरता जिव्हाळा दाखवायची सोय! दिवसभर गादीवर बसून ते डोळे मिटत-उघडत राहिले. फक्त भुरी बसते तिथेच मागे गिऱ्हाइकांचा बाक आहे. दोन बायांनी किराणा समोरच्या दुकानातून घ्यायला सुरुवात केल्यावर मामींनी हा अभ्यास बंद पाडला.

*

पण मामांनी भुरीच्या आडून केलेला सगळ्यात मोठा व्यवहार सोयाबीनचा. यात हसण्यासारखं तसं कमी आहे, आणि या भागातल्या कोणालाही ते लगेच कळेल. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. तो आकडा वाशीम जिल्ह्याच्या डोक्यात जो बसला, तो निघायला तयार नाही. पुढच्या वर्षांत भाव उतरत गेला आणि लोक घरात थप्प्या लावून वाट पाहत राहिले. आज वाढेल, पोळ्यानंतर वाढेल, संक्रांतीनंतर वाढेल. २०२४-२५ च्या हंगामात सरकारनं हमीभाव ४,८९२ ठरवला, आणि बाजारात तेवढेही हातात पडेनात.

मामांच्या गोदामातही थप्पी होती. माझा अंदाज चुकला, हे वाक्य मामांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. त्याच सुमारास भुरी त्या थप्पीच्या सांदीत व्याली. मामांना देव पावला.

‘काऊन जी, माल काऊन नाही काढून राहिले?’ असं कोणी विचारलं की उत्तर तयार. ‘मी आत्ता गाडी भरतो. पण आत लेकुरवाळी बसून हाय. पाप कोण घेईन?’

आठ-दहा दिवसांनी पिल्लांचे डोळे उघडणार, मग दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात महत्त्वाचा, त्यात माणसाचा हात लागला तरच पिल्लू पुढे माणसाळतं. मुलीनं हे सांगितल्यावर मामांना सात आठवड्यांची शास्त्रोक्त मुदतवाढ मिळाली. रोज दुपारी दुकान मामींवर सोपवून ते गोदामात जायचे आणि तासभर यायचे नाहीत. मी एकदा डोकावलो. मामा पोत्याला टेकून बसले होते, धोतरावर तीन पिल्लं होती, आणि मामा त्यांना बाजारभाव समजावून सांगत होते. खरा हिशेब. किती घेतलं, काय भावानं घेतलं, किती बुडालं. त्या घरात तो हिशेब तोवर कोणी ऐकला नव्हता.

मुलीनं सायप्रस बेटावरची एक कबरही सांगितली होती. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची, उत्खननात सापडलेली, २००४ साली जाहीर झालेली. एका माणसाचा सांगाडा आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर आठेक महिन्यांच्या मांजराचा. माणसानं शेती केली, धान्य साठवलं, उंदीर आले, उंदरांमागं मांजर आलं. धरून कोणी बांधलं नाही, त्यानंच जागा पाहून मुक्काम केला. मामा भारावून गेले. ‘म्हंजे गोदाम अन् मांजर, धंदा एकच. अन् त्या माणसाची बायको कोठी पुरली होती?’

‘ती सोयाबीन इकून मोकळी झाली असन,’ मामी म्हणाल्या.

पिल्लं मोठी झाली, वाटली गेली. माल शेवटी निघाला. कोणत्या भावानं, हे भुरीनं सांगितलेलं नाही.

*

मागच्या हिवाळ्यात कारंज्याचे पाहुणे आले. मुलगा पुण्यात बँकेत. दोघांचं तिकडेच ठरलेलं होतं, पण पोरगी पाहायचा कार्यक्रम रीतसर व्हावा, ही मामांच्या इज्जतीची गरज. मुलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि हीच मामांची अडचण होती. लग्न झालं की मुलगी पुण्यातच राहणार, कायमची. तोवर ‘नोकरीपुरती गेली’ असं म्हणता येत होतं.

आदल्या रात्री मामांनी भूमिका जाहीर केली. ‘मले काय, मले पसंतच हाय. पण भुरीले पाहू द्या. जनावराले माणूस कळते. तिचं मन बसलं तं सुपारी फोडू.’ भुरी परक्या माणसाला पाहिलं की थप्पीमागं जाते आणि दोन तास बाहेर येत नाही, हे साऱ्या घराला ठाऊक होतं.

मुलगीही काही बोलली नाही. तिनं फक्त मला कानात सांगितलं, की त्याला मांजराची ॲलर्जी आहे. लोकांना वाटतं केसांची असते. खरं तर मांजराच्या थुंकीत आणि कातडीत एक प्रथिन असतं. मांजर दिवसभर अंग चाटतं आणि ते सगळीकडे लागतं. ही दिवसभर दवाखान्यात मांजरं हाताळणार आणि संध्याकाळी तो हिला भेटणार, म्हणजे दीड वर्ष हा गृहस्थ शिंकत होता. शिंकत होता आणि येत होता. मला तिथंच मुलगा पसंत पडला.

पाहुणे बसले. मुलगा घाबरून अगदी कडेला, हात मांडीवर घट्ट धरून, नजर खाली. आत आल्याबरोबर त्यानं पहिली शिंक दिली. मामांनी डोळे मिटून घेतले. शुभ बोलणीत शिंक! दुसरी आली. तिसरी आली. मुलाकडच्या काकांनी घाईघाईनं हवेला दोष दिला. मामा हळहळीच्या सुरात म्हणाले, ‘आमची भुरी बाहेर येत नाही जी अशा वक्ताले...’

भुरी आली.

दारात थांबली. मुलाचे काका ‘या या मनीबाई’ म्हणत हात पुढे करू लागले, त्यांना तिनं वळसा घातला. मुलाच्या आईनं चुटकी वाजवली, तिकडे पाहिलं नाही. झुरिकमध्ये डेनिस टर्नर नावाच्या अभ्यासकानं वर्षानुवर्षं घरोघरी मांजरं पाहून लिहून ठेवलंय, की जवळ जायचं मांजरानं ठरवलं तर बैठक लांबते, माणसानं ठरवलं तर लवकर मोडते. खोलीत एकच माणूस असा होता, जो तिच्याकडे पाहत नव्हता, हात पुढे करत नव्हता, ती येऊ नये म्हणून मनापासून प्रार्थना करत होता. भुरी सरळ गेली, त्याच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि बसली. मुलगा शिंकला. ती हलली नाही. घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती. मुलाचे डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, पण तिला खाली ढकलायची त्याची हिंमत होईना. सासऱ्याचं मांजर.

मामी आतून पोह्यांचं तबक घेऊन आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून सगळं दृश्य त्यांनी नीट डोळ्यांत भरून घेतलं.

‘झालं,’ त्या म्हणाल्या. ‘भुरीनं होकार देल्ला. आता साक्षगंधाची तारीख काढा.’

मामा एकदम उसळले. ‘मांजराचं काय आयकतं व? जनावर होय ते! त्याले काय समजते?’

खोलीत कोणी बोलेना. मुलगीही दारामागून पुढे आली होती.

‘मंग,’ मामींनी तबक खाली ठेवत विचारलं, ‘इतके वर्ष आम्ही आयकत होतो ते कोणाचं?’

मामांनी भुरीकडे पाहिलं. भुरी झोपली होती. मुलीकडे पाहिलं. मग पाहुण्यांकडे वळून, घसा साफ करून म्हणाले,

‘घ्या जी. पोहे थंडे होऊन राहिले.’